शंभर मीटरची शांतता : ठाण्यातून उच्च न्यायालयात गेलेलं ध्वनिप्रदूषणाचं प्रकरण

जुन्या ठाण्यात स्टेशनपासून टेंभी नाका आणि तिथून कोर्ट नाका हे अंतर पायी जाण्याइतकंच. एवढ्याशा पट्ट्यात जिल्हा न्यायालय आहे, जिल्हाधिकारी कार्यालय आहे, सिव्हिल हॉस्पिटलचा परिसर आहे, जुन्या शाळा आहेत. नौपाडा, चरई, राम मारुती रोड, गोखले रोड या भागांत खाली दुकान, पहिल्या मजल्यावर नर्सिंग होम आणि वर बिऱ्हाडं अशा इमारती गल्लोगल्ली दिसतात. ठाण्याचे उत्सवही याच रस्त्यांवर होतात. गणपतीच्या मिरवणुका मासुंदा तलावाकडे निघतात, टेंभी नाक्यावर दहीहंडी आणि नवरात्र, जांभळी नाक्यावर गोविंदांची गर्दी. बाळंतिणीची खाट आणि मिरवणुकीचा ट्रक यांच्यामध्ये कित्येकदा फक्त एक खिडकी असते.

त्या खिडकीच्या आतल्या माणसाला कायदा नेमकं काय देतो, हा प्रश्न ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात नेला. ‘डॉ. महेश विजय बेडेकर विरुद्ध महाराष्ट्र शासन’, जनहित याचिका क्रमांक १७३/२०१०. पुढे राज्यभरातल्या ध्वनिप्रदूषणाच्या लढाईचा पाया याच याचिकेने घातला. २०१६ साली तिच्यावर सविस्तर निकाल आला, २०१७ साली त्या निकालाचा मोठा आधार केंद्र सरकारच्या एका दुरुस्तीने काढून घेतला, आणि तरीही त्यातला बराच भाग आज टिकून आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी न्यायालयाची पायरी चढू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. या निकालाचं खरं बळ त्यातल्या तत्त्वांइतकंच त्याने कोणत्या कार्यालयाला कोणतं काम लावून दिलं यात होतं. आणि सगळ्यात मोठं संरक्षण ज्या एका व्याख्येवर उभं होतं, ती व्याख्या बदलणं सरकारच्या हातात होतं. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात इतक्या स्पष्ट क्वचितच दिसतात.

कायदा आधीपासूनच होता

याचिकेने नवा कायदा मागितला नव्हता. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम आणले होते. त्यांत क्षेत्रानुसार आवाजाची मर्यादा ठरवून दिली आहे. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. पोलिसांच्या लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रात्री १० नंतर तो बंद दाराआडच्या सभागृहांखेरीज कुठेच चालत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर हे शांतता क्षेत्र, अशी व्याख्याही त्याच नियमांत होती.

शांतता क्षेत्राचा नियम फक्त डीजेसाठी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. वाद्य वाजवणं, ध्वनिवर्धक लावणं, ढोल बडवणं, कर्कश हॉर्न वाजवणं, फटाके फोडणं हे सगळं त्यात येतं. ढोल-ताशा पारंपरिक आहे म्हणून त्याला शांतता क्षेत्रात सूट मिळते, हा समज चुकीचा आहे. ढोलाचा ठेका ऐकला की माझ्याही अंगावर काटा येतो. पण तो ऐकायला आपण आपल्या पायांनी जातो. सलाईन लावून पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला, तेव्हा शांततेत जगणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे स्पष्ट झालं होतं. त्याआधी २००० साली एका चर्चच्या प्रकरणातही, इतरांची शांतता मोडून ध्वनिवर्धकांवर प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही, असं त्याच न्यायालयाने म्हटलं होतं. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकातच हा विषय न्यायालयात नेला होता. म्हणजे २०१० साली ठाण्यातून याचिका गेली तेव्हा नियम होते, मर्यादा होत्या, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. अंमलबजावणी तेवढी नव्हती. शांतता क्षेत्रात परवानगी कोण देतं, मोजमाप कोण करतं, रात्री फोन आला तर कोणी जायचं, दुसऱ्या दिवशी खटला कोणी भरायचा, या प्रश्नांना उत्तर देणारा एकही खुर्चीवरचा माणूस सापडत नव्हता.

याचिकेत दुसरा धागाही होता: रस्ता अडवून उभारले जाणारे मंडप. वरवर पाहता हा वेगळा विषय वाटतो. पण अरुंद रस्त्यावर मंडप आला की रुग्णवाहिका अडकते, आणि मंडप आला की त्याच्या मागोमाग स्पीकरही येतात. दोन्हींची परवानगी एकाच काळात, शेजारशेजारच्या टेबलांवरून निघते. हे दोन धागे एकत्र बांधणं हा मला या याचिकेतला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. आवाज हवेत विरून जातो, पुरावा राहत नाही. मंडप मात्र दिवसाढवळ्या मोजता येतो, त्याचा परवाना मागता येतो, त्याचा फोटो काढता येतो.

आवाज शरीराचं काय करतो

न्यायालयात ‘त्रास होतो’ एवढं म्हणून भागत नाही. डेसिबल ही चढत्या पटीची मोजणी आहे. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहा पट होते. शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० आणि स्पीकरच्या भिंतीजवळचा आवाज समजा १०० धरला, तर तो दुप्पट होत नाही. त्यातली ऊर्जा एक लाख पट असते. हे एकदा समजलं की ‘थोडंसं जास्त झालं’ हे वाक्य आपण पुन्हा वापरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयाच्या खोलीत सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा आणि रात्रीचा सर्वाधिक आवाजही ४० च्या वर जाऊ नये. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात ४५ डेसिबलपलीकडचा आवाज चिंतेचा आहे, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ सालीच सांगितलं. अचानक मोठा आवाज झाला की नाडी वाढते, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरकं स्रवतात, झोप तुटते. हृदयरोग्याला यातली प्रत्येक गोष्ट महागात पडू शकते. आणि एक अगदी साधी अडचण आहे: स्टेथोस्कोपमधून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे असतात, मॉनिटरचा इशारा नर्सला पलीकडच्या खोलीत ऐकू जायचा असतो. बाहेर दणदणाट असला की ही कामंच अडतात.

पहिला बळी मात्र रुग्णाचा नसतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ही अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे; पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. हिशोब पुढे नेला तर १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. मिरवणुकीत स्पीकरपुढे तासन् तास नाचणारी मुलं, पथकातले वादक, ट्रकचा चालक आणि बंदोबस्ताला रात्रभर उभा असलेला हवालदार या सगळ्यांची ही मर्यादा नाक्याच्या आतच संपलेली असते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. उत्सवाच्या विरोधात कोण आणि बाजूने कोण, अशी मांडणी होते तेव्हा या मुलांचे कान कोणाच्याच हिशोबात येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

शंभर मीटर हा आकडा काही उदार नाही. मोकळ्या मैदानात अंतर दहा पट झालं की आवाज साधारण २० डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एका मीटरवर ११० डेसिबल असतील, तर दहा मीटरवर ९० आणि शंभर मीटरवर ७०. नौपाड्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंना इमारती असताना तो तेवढाही उतरत नाही. म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी खिडकीपाशी मर्यादेपेक्षा जास्तच आवाज येण्याची शक्यता राहते. हे अंतर मिळालं तेव्हा डॉक्टरमंडळींना काही फार मोठं दान मिळालेलं नव्हतं.

२०१५ आणि २०१६ : आदेशांची घडण

जनहित याचिकेत अंतिम निकालाइतकेच, कधी त्याहून जास्त, अंतरिम आदेश कामाला येतात. २०१५ मध्ये मंडपांबाबत तसे आदेश निघाले. रस्त्यावर मंडप घालून पूजा करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे न्यायालयाने सांगितलं आणि सणांपूर्वी महसूल अधिकाऱ्यांच्या पथकांनी फिरून मंडपांची पाहणी करावी, अशी व्यवस्था लावून दिली. पाहणी करणारे महापालिकेबाहेरचे, म्हणजे तहसीलदार दर्जाचे अधिकारी होते. परवानगी देणाऱ्यानेच स्वतःच्या परवानगीची तपासणी करायची, ही जुनी गाठ इथे सुटली.

अंतिम निकाल ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने दिला. नवी मुंबईतून आलेली, प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांबाबतची याचिकाही याच सुनावणीत होती. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि तो लावण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) किंवा २५ (धर्मस्वातंत्र्य) मधून मिळत नाही, हे न्यायालयाने सर्वांना एकाच मापाने लागू केलं. मंदिर, मशीद, राजकीय सभा, लग्नाची वरात, सगळ्यांना. ‘आमच्याच सणांवर का?’ असा प्रश्न विचारणाऱ्याने हा निकाल एकदा वाचावा. त्याचं उत्तर त्यातच आहे.

निकालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग कोरडा, कार्यालयीन आहे. शांतता क्षेत्रात पोलिसांनी ध्वनिक्षेपकाला परवानगीच द्यायची नाही. नागरिकांना फोनवरून, संदेशावरून, ई-मेलवरून तक्रार करता येईल अशी यंत्रणा उभी करायची. पोलिसांकडे ध्वनिमापक यंत्रं असायला हवीत. शहरांचे ध्वनी-नकाशे तयार करायचे. ते काम पुढे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेलं. शांततेचा हक्क कसा आहे हे अनेक निकालांनी सुंदर भाषेत सांगितलेलं आहे. इथे मात्र त्या हक्काला टेबल मिळालं, नोंदवही मिळाली, यंत्र मिळालं. आणि प्रकरण तिथेच बंद न करता अनुपालनाचे अहवाल मागवले गेले.

हे सगळं मिळायला सहा वर्षं लागली. याचिकाकर्त्याला दर सणानंतर नवं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, नवे फोटो, नवी मोजमापं जोडावी लागतात, आणि ज्या शहरात आपण दवाखाना चालवतो त्याच शहरातल्या मंडळांच्या नजरा झेलाव्या लागतात. ठाण्यासारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. न्यायालयीन लढ्याचा हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

२०१७ : एका वाक्याने काय केलं

१० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियमांत दुरुस्ती केली. तिचा गाभा एकच वाक्य आहे: राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र मानला जाणार नाही. तोवर उच्च न्यायालयाची भूमिका अशी होती की रुग्णालय आहे म्हणजे त्याच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र आहेत, वेगळ्या जाहीरनाम्याची गरज नाही. दुरुस्तीनंतर राज्यभरातली अशी आपोआप ठरलेली वर्तुळं कागदावरून पुसली गेली. गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती.

दुरुस्तीच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासायला हवा. मुंबई-ठाण्यासारख्या दाट शहरात प्रत्येक दवाखान्याभोवती आणि शाळेभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढलं, तर वर्तुळं एकमेकांत मिसळून जवळजवळ सगळं शहरच शांतता क्षेत्र होतं, मग उत्सव करायचा कुठे? नौपाड्यापुरतं पाहिलं तर हे खरंच आहे, वर्तुळं एकमेकांत मिसळतात. पण त्याचं कारण तिथे खरोखरच इतके रुग्ण राहतात हे आहे. त्यावर उपाय म्हणून मैदानं राखून ठेवता आली असती, मिरवणुकीचे मार्ग बदलता आले असते, खाटा असलेली रुग्णालयं आणि नुसत्या तपासणीच्या खोल्या यांत फरक करता आला असता. यातलं काहीही न करता व्याख्याच काढून घेतली गेली. मला हे चुकीचं वाटतं, आजही वाटतं.

त्यानंतरचे काही दिवस महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासात कायमचे नोंदले गेले आहेत. न्यायमूर्ती ओक यांच्यासमोर दुरुस्तीवर सुनावणी सुरू असताना राज्य सरकारने त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करून प्रकरण दुसरीकडे नेण्याची मागणी केली. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती मंजुला चेल्लूर यांनी आधी प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे दिलं. वकिलांच्या संघटनांनी तीव्र निषेध केला. मग तो निर्णय मागे घेतला गेला, न्यायमूर्ती ओक यांचा समावेश असलेलं तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ नेमलं गेलं, आणि सरकारने बिनशर्त माफी मागितली. १ सप्टेंबरला पूर्णपीठाने दुरुस्तीला अंतरिम स्थगिती दिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, उच्च न्यायालयाच्या आदेशालाच स्थगिती मिळाली.

हे वेळापत्रक नीट पाहावं. उत्सवाशी जोडलेल्या प्रकरणात निर्णायक आदेश बहुतेक वेळा विसर्जनाच्या तोंडावर येतात. तोवर पुरावे मांडून शांतपणे वाद करायला वेळ उरत नाही, आणि वरच्या न्यायालयात भावनेचं पारडं जड होतं. पुण्यात २०२४ साली हेच घडलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाने ढोल-ताशा पथकात ३० पेक्षा जास्त सदस्य नसावेत असं बंधन घातलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला, विसर्जनाच्या काही दिवस आधी, त्याला स्थगिती दिली. याचिका करणाऱ्याने सुनावणी माघात मागावी, भाद्रपदाची वाट पाहू नये, असं मी म्हणेन.

दुरुस्तीनंतर काय उरलं

बऱ्याच ठाणेकरांचा समज असा झाला की शांतता क्षेत्रं गेली म्हणजे आता काहीच करता येत नाही. पोलीस ठाण्यातही कधीकधी हेच सांगितलं जातं. ते खरं नाही. गेलं ते एवढंच: अधिसूचना नसलेल्या रुग्णालयाभोवती ध्वनिक्षेपकाला परवानगीच न देण्याचं बंधन, ढोल, हॉर्न आणि फटाक्यांवरची शांतता क्षेत्रातली बंदी, आणि ५०-४० ची मर्यादा. बाकी सगळं उभं आहे. रुग्णालय निवासी भागात असेल तर दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा लागू आहेच. लेखी परवानगी लागतेच. रात्री १० ची वेळ आहेच, आणि सवलतीच्या दिवशी रात्री १२ ची. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर नियम ७ खाली तक्रार करता येते. २०१६ च्या निकालातली तक्रार यंत्रणा, ध्वनिमापकं, मंडपांवरची बंधनं यांचा शांतता क्षेत्राच्या व्याख्येशी संबंधच नव्हता. ती दुरुस्तीने हलली नाहीत. प्रकरणाची बांधणी एकाच खांबावर केली नव्हती, म्हणून ते उभं राहिलं.

अडचण येते ती मोजमापात आणि खटल्यात.

मोजमाप ‘ए’ भारांकनाने होतं, म्हणजे माणसाच्या कानाला मध्यम स्वर जास्त ऐकू येतात हे धरून यंत्र खालचे स्वर कमी मोजतं. ६३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज यात तब्बल २६ डेसिबलने कमी धरला जातो, १२५ हर्ट्झचा १६ ने. डीजेचा सगळा जोर याच खालच्या पट्ट्यात, बेसमध्ये असतो. खिडकीची काच थरथरते, छातीत ठोके बसतात, आणि यंत्रावरचा आकडा त्या मानाने सौम्य दिसतो. रहिवासी म्हणतात यंत्र खोटं आहे. यंत्र खोटं नसतं, त्याला विचारलेला प्रश्न अपुरा असतो. पुढच्या याचिकेत कोणी तज्ज्ञाच्या प्रतिज्ञापत्रासह, खालचे स्वर फारसे कमी न धरणाऱ्या ‘सी’ भारांकनाचीही नोंद मागितली, तर ती मागणी रास्त ठरेल. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा स्वतःच्या समजुतीला ठीक आहे, खटल्यात त्याला किंमत नाही; तिथे तपासून प्रमाणित केलेलं यंत्र, वेळ, जागा, अंतर आणि पंचनामा लागतो.

खटल्याची अडचण बरीच वर्षं कायद्याच्या कलम १९ मध्ये होती. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घ्यायचं, जेव्हा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी तक्रार दाखल करायचा, किंवा ६० दिवसांची नोटीस दिलेला नागरिक. नुसता एफआयआर नोंदवून पोलीस थांबले तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत पोहोचूनही पुढे सरकत नसे. सणाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘इतक्या मंडळांवर गुन्हे’ अशी बातमी येते, तेव्हा विचारायचा प्रश्न हा की त्यांतल्या किती प्रकरणांत कायद्याप्रमाणे तक्रार प्रत्यक्ष गेली. आता शिक्षेचं स्वरूपही बदललं आहे. आधी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद काढली आणि १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती ठेवली, जी न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. तुरुंगाची भीती गेली याचं काहींना वाईट वाटतं. मला वाटतं, प्रत्यक्षात वसूल होणारी शास्ती कधीच न होणाऱ्या कैदेपेक्षा जास्त काम करेल, अट एवढीच की ती खरोखर लावली जावी.

२३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने कुर्ला भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा २०१६ च्या निकालाचाच आधार पुढे नेला. भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हे पुन्हा सांगितलं, आणि पोलिसांनी आधी समज, मग दंड, मग जप्ती अशी चढती कारवाई करावी, असं ठरवून दिलं. तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नये आणि ती उघड करू नये, हे त्यातलं वाक्य चाळीतल्या आणि सोसायटीतल्या माणसासाठी फार मोलाचं आहे. मंडळाचा अध्यक्ष शेजारच्याच मजल्यावर राहत असतो, वर्गणी घ्यायला तोच येतो. नाव कळलं तर पुढचं वर्षभर जिन्यात बोलणं बंद होतं. लोक तक्रार करत नाहीत याचं पहिलं कारण हेच आहे.

यातून ठाण्यात आज काय करता येईल

शांतता क्षेत्र आपोआप मिळत नाही, पण मागता मात्र येतं. दुरुस्तीने अधिसूचनेचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे आणि त्यासाठी अर्ज करायला कोणी अडवलेलं नाही. खाटा असलेल्या रुग्णालयांनी, डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेमार्फत, आपल्या परिसराची यादी, खाटांची संख्या, अतिदक्षता आणि नवजात विभाग आहेत का याची माहिती आणि नकाशा जोडून महापालिका, पोलीस आयुक्तालय आणि पर्यावरण विभाग यांच्याकडे एकत्र अर्ज द्यावा. अर्ज नाकारला गेला किंवा पडून राहिला, तर न्यायालयात जायला ठोस कारण हातात येतं. सगळं शहर शांतता क्षेत्र करा असं म्हणण्यापेक्षा ‘या या रुग्णालयांभोवती करा’ ही मागणी नाकारणं सरकारला कितीतरी अवघड आहे.

न्यायालय कोणतं, हाही विचार हवा. पर्यावरण संरक्षण कायदा हरित न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे पुण्याच्या खंडपीठाकडेही जाता येतं. तिथे वकिलाशिवाय उभं राहणं तुलनेने सोपं आहे, पण वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलीस, महापालिका आणि महसूल या तिघांना एकाच वेळी आदेश हवे असतील तर उच्च न्यायालय बरं. आधीच्या आदेशाचा भंग झाला असेल तर अवमान याचिका, आणि तीही एका वर्षाच्या आत.

आणि त्याआधी माहितीचा अधिकार. आपल्या पोलीस ठाण्यात ध्वनिमापकं किती, ती शेवटची कधी तपासून प्रमाणित केली, गेल्या गणेशोत्सवात, दहीहंडीला आणि नवरात्रात तक्रारी किती आल्या, किती ठिकाणी मोजणी झाली, किती पंचनामे झाले, शास्तीसाठी किती तक्रारी गेल्या, शास्ती किती वसूल झाली. महापालिकेकडून प्रभागातल्या मंडपांचे परवाने, त्यांत लिहिलेली मापं आणि महसूल पथकाचा पाहणी अहवाल. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अर्ज आषाढात गेला, तर कागद श्रावणात हातात येतात, आणि तेव्हा मंडपांचे नवे अर्ज महापालिकेच्या टेबलावर मंजुरीची वाट पाहत असतात.